इंग्रजी व्याकरणकार लिंडले मरे यांचे चरित्र

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे आणि तो योग्यच आहे. आपल्या पूर्वजांनी काय सोसले व काय मिळविले हे पुढील पिढीस कळावे, हाच त्यामागील हेतू होय. यंदा मात्र आम्ही वाचकांची क्षमा मागून एका परक्या गृहस्थाचे चरित्र सादर करीत आहोत. हा गृहस्थ आपल्या ज्ञातीचा नव्हे, आपल्या देशाचाही नव्हे. हिंदुस्थानची भूमी त्याने कधी पाहिली नाही. तरीही आपल्या घरातील जे मूल इंग्रजीच्या पुस्तकातील वाक्य पुढे घेऊन त्यातील कर्ता कोणता व क्रियापद कोणते हे शोधीत बसते, ते त्या गृहस्थाने मळविलेल्या वाटेवरूनच चालत असते. त्याचे नाव लिंडले मरे.

हा विषय आम्ही का निवडला हेही आरंभीच सांगतो. मंडळाच्या गुणगौरव समारंभात आम्ही दरवर्षी बसतो. गणितात, शास्त्रात, समाजशास्त्रात उत्तम गुण मिळविणारी आपली मुले इंग्रजीच्या रकान्यात अडखळलेली दिसतात. आईबाप म्हणतात की मुलाला शब्द पाठ आहेत, पण वाक्य जुळत नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर आमची अशी खात्री झाली आहे की ज्याला इंग्रजी वाक्याचे दोन भाग पाडता आले, म्हणजे वाक्य कोणाविषयी आहे आणि त्याच्याविषयी काय सांगितले आहे हे ज्याला ओळखता आले, त्याची निम्मी अडचण दूर झाली. पहिल्या भागास उद्देश्य म्हणतात, दुसऱ्यास विधेय. ही ओळख सामान्य घरांतील लक्षावधी मुलांपर्यंत पोहोचविण्यात मरे यांचा वाटा फार मोठा होता आणि तो त्यांनी कोणत्या अवस्थेत उचलला हे कळल्यावर वाचकांस आमच्याप्रमाणेच आश्चर्य वाटेल.

लिंडले मरे यांचा जन्म १७४५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात लँकेस्टर गावाजवळील स्वातारा येथे झाला. त्या काळी हा सारा मुलूख इंग्रजांच्या वसाहतींचा होता. वडील रॉबर्ट मरे हे प्रथम पिठाची गिरणी चालवीत. पुढे ते व्यापारात शिरले आणि न्यूयॉर्क येथील मोठे व्यापारी झाले. आई मेरी लिंडले ही मनाने सौम्य होती. तिच्या माहेरचे आडनावच या थोरल्या मुलास नाव म्हणून देण्यात आले. कुटुंब क्वेकर पंथाचे होते. या पंथाचे लोक साधी वस्त्रे घालीत, शस्त्र हाती धरीत नसत, आणि आपसांत एकमेकांच्या अडीअडचणीस धावून जात. पाठीवर भावंडे पुष्कळ. अशा घरात थोरल्या मुलाने वडिलांची गादी चालवावी अशीच अपेक्षा असते. आपल्याकडे ती आजही असते.

वडिलांचा स्वभाव कडक होता. त्यांनी मुलाला आपल्या पेढीवर हिशेबाच्या कामास बसविले. मुलाचे मन वह्यांत रमेना. त्यास पुस्तकांची ओढ होती. चौदा वर्षांच्या सुमारास एका संध्याकाळी परवानगीवाचून बाहेर गेल्याबद्दल वडिलांनी त्यास कठोर शिक्षा केली. मुलाच्या मनास ती इतकी लागली की त्याने कोणास न सांगता घर सोडले. घरून पळालेली मुले बहुधा वाईट संगतीस लागतात. परंतु हा मुलगा न्यू जर्सी प्रांतातील बर्लिंग्टन गावी जाऊन एका निवासी शाळेत दाखल झाला आणि तेथे फ्रेंच भाषा शिकू लागला! पुढे योगायोगाने तो नात्यातील एका वडीलधाऱ्या माणसाच्या दृष्टीस पडला, आणि समजूत घालून त्यास घरी आणण्यात आले. वडिलांनीही आपला कडकपणा काहीसा आवरला व त्याच्यासाठी घरी खाजगी शिक्षक ठेवला. शिक्षणासाठी घर सोडणारा मुलगा आणि मुलासाठी आपला हट्ट सोडणारा बाप, असे दोघेही या प्रसंगात आपल्यास दिसतात.

पुढे त्यांनी वकिलीचा अभ्यास करण्याची इच्छा प्रकट केली. वडिलांस ती प्रथम रुचली नाही, परंतु अखेर त्यांनी संमती दिली. न्यूयॉर्क येथील बेंजामिन किसॅम या वकिलांच्या हाताखाली मरे यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. त्याच कचेरीत त्यांच्यासोबत जॉन जे नावाचा एक तरुण शिकत होता. हेच जॉन जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश झाले. मरे यांनी वकिलीची सनद मिळविली आणि १७६७ साली हॅना डॉब्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्यास मूल झाले नाही. परंतु त्यांचा संसार जवळजवळ साठ वर्षे अत्यंत एकोप्याने चालला. पुढील हकीकत वाचताना या माउलीचे नाव वाचकांनी विसरू नये.

१७७५ साली अमेरिकेतील वसाहतींचे इंग्लंडशी युद्ध सुरू झाले. क्वेकर पंथास युद्ध वर्ज्य. मरे आपल्या पत्नीसह लाँग आयलंड बेटावरील आयस्लिप या गावी जाऊन राहिले आणि काही वर्षे त्यांनी शहरापासून दूर, मासेमारी व नौकाविहार यांत घालविली. नंतर ते न्यूयॉर्कला परतले. त्या वेळी शहर इंग्रजी फौजेच्या ताब्यात होते. तेथे त्यांनी व्यापार केला आणि युद्ध संपेपर्यंत, म्हणजे १७८३ पर्यंत, उरलेले आयुष्य बसून खाता येईल एवढे द्रव्य मिळविले. त्यांच्या मनाचा ओढा इंग्रजांकडे होता, असे काही इतिहासकार म्हणतात. चरित्र लिहावयाचे तर ही गोष्टही लपवून चालत नाही. त्यांच्या मातोश्रींविषयी मात्र एक निराळीच आख्यायिका सांगतात. १७७६ साली इंग्रज सेनापती हाऊ यांस त्यांनी आपल्या घरी फराळासाठी थांबवून घेतले आणि तेवढ्या वेळात अमेरिकन सैनिक निसटून गेले, अशी ती कथा आहे. खरेखोटे काहीही असो. त्या घराच्या परिसरास न्यूयॉर्क शहरात आजही मरे हिल म्हणतात.

चाळिशीच्या आत मरे संपन्न झाले होते. ईस्ट नदीच्या काठी बेलव्ह्यू नावाची सुंदर जागा त्यांनी घेतली होती. आता सुखाने राहावयाचे, वाचन करावयाचे, असा बेत होता. परंतु मनुष्य ठरवितो एक आणि घडते दुसरेच. त्यांस आजार झाला आणि पायांच्या स्नायूंतील शक्ती ओसरू लागली. थोडे चालले तरी सारे अंग थकून जाई. अनेक उपाय झाले. अखेर हवापालट करावा, न्यूयॉर्कच्या कडक उन्हाळ्यापासून दूर जावे, असा सल्ला वैद्यांनी दिला. १७८४ साली हे पतिपत्नी जहाजाने इंग्लंडास गेले. यॉर्क शहराजवळ होल्गेट या खेड्यात त्यांनी बागेसह एक घर घेतले. दोन-एक वर्षांत बरे होऊन मायदेशी परतू अशी त्यांची आशा होती. ती सफळ झाली नाही. मरे पुन्हा अमेरिकेस गेलेच नाहीत.

प्रारंभी ते बागेत थोडे फिरत. पुढे लक्षात आले की फिरण्याने आजार वाढतो, विश्रांतीने आवरतो. तेव्हा चालणे सुटले. गाडीत बसून बाहेर जाण्यापुरता जगाशी संबंध राहिला, आणि शेवटची सुमारे सोळा वर्षे तर तोही राहिला नाही. घराच्या चार भिंतींतच त्यांचे दिवस गेले. खुर्ची, पलंग, खिडकीतून दिसणारी बाग आणि हाताशी पुस्तके, एवढेच त्यांचे विश्व. हॅनाबाई रात्रंदिवस त्यांच्या सेवेस होत्या. असा मनुष्य दैवास दोष देत बसला असता तर त्यास कोणी नावे ठेविली नसती. मरे यांनी १७८७ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. धर्मश्रद्धेचा मनुष्याच्या मनावर, विशेषतः संकटात व मृत्युसमयी, कसा परिणाम होतो याची थोरामोठ्यांच्या चरित्रांतील उदाहरणे त्यांनी त्यात एकत्र केली होती. लेखनाचा आरंभ असा झाला. तोपर्यंत व्याकरणाशी त्यांचा काही संबंध येईल असे कोणास वाटलेही नसते.

तो संबंध मुलींच्या शाळेमुळे आला. १७८५ साली एस्थर ट्यूक या बाईंच्या पुढाकाराने यॉर्क शहरात क्वेकर मुलींसाठी एक शाळा निघाली होती. शाळेतील तरुण शिक्षिकांस इंग्रजी व्याकरण शिकवावयाचे होते, परंतु त्यांचे स्वतःचेच शिक्षण त्या विषयात अपुरे होते आणि मुलींच्या हाती देण्यासारखे सोपे पुस्तकही नव्हते. त्या होल्गेटला येऊन मरे यांच्यापाशी व्याकरण शिकू लागल्या. पुढे त्यांनी मरे यांस लेखी विनंती केली की आमच्या मुलींसाठी आपणच एक व्याकरण लिहा. मरे यांनी प्रथम नकार दिला. आपण वकील व व्यापारी, व्याकरणाचे पंडित नव्हे, ही जाणीव त्यांस होती. अखेर शिक्षिकांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही आणि १७९५ साली त्यांचे इंग्रजी व्याकरण यॉर्क येथे छापून प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय पन्नास होते. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. जगातील अत्यंत खपाच्या शालेय पुस्तकांपैकी एक पुस्तक कोणा विद्यापीठाच्या आज्ञेने लिहिले गेले नाही. काही शिक्षिकांनी आपले अज्ञान प्रांजळपणे मान्य केले म्हणून ते लिहिले गेले.

त्या पुस्तकात होते काय? त्याचे चार भाग आहेत: वर्णविचार, शब्दविचार, वाक्यविचार आणि उच्चार व वृत्ते यांचा विचार. शब्दांच्या नऊ जाती त्यात सांगितल्या आहेत. वाक्यविचाराचे बावीस नियम आहेत. मुलांनी पाठ करावयाचा मुख्य भाग मोठ्या टायपात आणि समजून घ्यावयाचे स्पष्टीकरण बारीक टायपात, अशी त्याची मांडणी आहे. ही मांडणी साधी वाटते, पण ज्याने वर्गात शिकविले आहे त्यास तिचे मोल कळेल. साध्या वाक्याचे मुख्य भाग म्हणून मरे यांनी तीन गोष्टी सांगितल्या: ज्याविषयी बोलावयाचे ते उद्देश्य, त्याच्याविषयी जे विधान करावयाचे ते, आणि त्या क्रियेचे कर्म. आज आपण शाळेत शेवटच्या दोहोंस एकत्र करून विधेय म्हणतो. आणि वाक्यविचाराचा पहिलाच नियम असा की क्रियापदाने वचन व पुरुष यांबाबत प्रथमेतील नामाच्या, म्हणजे उद्देश्याच्या, अनुरोधाने चालावे.

हा नियम वरवर पाहता किरकोळ दिसतो. परंतु तो पाळावयाचा तर आधी उद्देश्य शोधावे लागते आणि सारी गंमत त्या शोधातच आहे. 'द प्राइस ऑफ मँगोज इज हाय' हे वाक्य घ्या. क्रियापदाच्या अगदी शेजारी 'मँगोज' हा अनेकवचनी शब्द बसला आहे म्हणून मूल 'इज' खोडून 'आर' लिहिते. महाग काय आहे, असे क्रियापदाला धरून विचारले म्हणजे उत्तर येते: किंमत. मग 'प्राइस' हा उद्देश्याचा गाभा ठरतो आणि 'ऑफ मँगोज' ही त्याची शेपटी ठरते. 'देअर आर टू वेल्स इन द व्हिलेज' यात 'देअर' पहिला आला म्हणून तो उद्देश्य नव्हे; आहेत काय, तर 'टू वेल्स'. 'डाउन द हिल केम अ कार्ट' यात टेकडी पुढे आली असली तरी आली ती गाडीच. 'शट द डोअर' यात तर उद्देश्य दिसतच नाही. ते 'यू' आहे आणि ते बोलणाऱ्याने मनात ठेवले आहे. म्हणून आमची रीत अशी की प्रथम क्रियापद गाठावे, त्यास कोण किंवा काय असे विचारावे, जे उत्तर येईल त्याच्या पुढेमागे जडलेले शब्द त्याच्याबरोबर ठेवावेत, आणि उरलेले सारे विधेयाच्या पदरात घालावे.

येथे आम्हांस आमचीच एक चूक कबूल करावयाची आहे. नोकरीच्या पहिल्या कित्येक वर्षांत आम्ही मुलांस सांगत आलो की जो क्रिया करतो तो सब्जेक्ट. मराठीतील कर्ता आणि इंग्रजीतील सब्जेक्ट एकच, अशी आमची समजूत होती. एकदा फळ्यावर 'द मँगो वॉज ईटन बाय राम' हे वाक्य लिहून आम्ही त्याचे दोन भाग पाडावयास सांगितले. एका मुलाने रामाला सब्जेक्ट ठरविले. आम्ही त्यास सर्वांदेखत उभे केले व फार टाकून बोललो. मुलगा रडवेला होऊन एवढेच म्हणाला की खाणारा तर रामच आहे. घरी आल्यावर विचार करता आमच्या ध्यानात आले की त्याने आम्ही शिकविलेला नियमच अक्षरशः पाळला होता. खाणारा राम होता, पण वाक्य आंब्याविषयी होते आणि 'वॉज' हे क्रियापद आंब्याशी बांधलेले होते. चूक मुलाची नव्हती, आमच्या व्याख्येची होती. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही तसे सांगितले. परंतु त्या मुलाने त्यानंतर वर्षभर आपण होऊन उत्तर देण्यास हात वर केला नाही. ती गोष्ट आम्हांस आजही बोचते.

मराठी मुलाची अडचण यापेक्षाही खोल आहे. आपण म्हणतो: रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली. रामाने केले तरी क्रियापद बदलते ते आंब्याप्रमाणे व चिंचेप्रमाणे. कारण राम तृतीयेत गेला आणि आंबा व चिंच प्रथमेत राहिली. इंग्रजीत मात्र 'राम एट द मँगो' म्हणताना क्रियापदाचा धनी रामच राहतो. आपण म्हणतो: मला भूक लागली. येथे लागणारी भूक आहे. इंग्रज म्हणतो 'आय ॲम हंग्री', म्हणजे तेथे भूक विधेयात जाऊन बसते आणि उद्देश्याच्या आसनावर 'मी' येतो. मुलाने मराठी वाक्याचा सांगाडा तसाच उचलून त्यावर इंग्रजी शब्द चढविले की वाक्य कोसळते. ही त्याची मंदबुद्धी नव्हे. आपल्या भाषेचे वळण त्याच्या हाडीमासी खिळलेले असते. शिकविणाऱ्याने दोन्ही वळणे शेजारी ठेवून दाखविली पाहिजेत.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. व्याकरणाच्या पाठोपाठ १७९७ साली मरे यांनी सरावाचे पुस्तक काढले. त्यात मुद्दाम चुकीची वाक्ये दिली होती आणि ती मुलांनी दुरुस्त करावयाची होती. उत्तरांचे पुस्तक निराळे छापले, ज्यायोगे ज्यास शिक्षक मिळत नाही त्यासही घरी बसून आपली परीक्षा आपणच घेता यावी. त्याच वर्षी लहान मुलांसाठी व्याकरणाची संक्षिप्त आवृत्ती निघाली. १७९९ साली 'इंग्लिश रीडर' हे निवडक उताऱ्यांचे वाचनपुस्तक आले आणि १८०४ साली शब्दलेखनाचे पुस्तक. इंग्लंडात आणि त्याहूनही अधिक अमेरिकेत या पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत या दोन देशांत मिळून मरे यांच्या सर्व पुस्तकांच्या दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्यांच्या 'इंग्लिश रीडर'ची फार प्रशंसा केली होती. जो मनुष्य आपल्या बागेच्या फाटकापलीकडे पाऊल टाकू शकत नव्हता, त्याचे पुस्तक समुद्रापार रानातील लाकडी शाळांपर्यंत पोहोचले.

या पुस्तकांपासून मिळालेले द्रव्य मरे यांनी स्वतःसाठी ठेविले नाही. ते सर्व धर्मादायाकडे लाविले. यॉर्क येथे १७९६ साली विल्यम ट्यूक यांच्या प्रयत्नाने मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' ही संस्था निघाली. वेड्यांस साखळदंडात न ठेवता दयेने वागवावे हा तिचा बाणा होता. त्या कामातही मरे यांचा सहभाग होता.

मरे यांच्यावर टीका झाली नाही असे नाही आणि ती सर्वच अन्याय्य होती असेही म्हणवत नाही. त्यांच्या व्याकरणातील पुष्कळ भाग आधीच्या ग्रंथकारांकडून, विशेषतः रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या व्याकरणातून घेतलेला होता. मरे स्वतःस संग्राहकच समजत. परंतु कोणाचे काय घेतले हे त्यांनी ठिकठिकाणी स्पष्ट दाखविले नाही, हा दोष खराच. कोशकार नोआ वेब्स्टर यांनी आपले लेखन मरे यांनी उचलल्याची तक्रार केली. पुढे १८५१ साली गूल्ड ब्राउन यांनी आपल्या प्रचंड व्याकरणग्रंथात मरे यांच्या चुका एकामागून एक काढून दाखविल्या. तिसरा आक्षेप असा की इंग्रजीला लॅटिन व्याकरणाचा साचा बळेच बसविण्यात आला. या आक्षेपाचा प्रतिध्वनी आपल्याकडेही उमटला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी पुढे त्यातील मतांची चिकित्सा केली आणि १९११ साली मोरो केशव दामले यांनी आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात सर्व मतांचा विस्ताराने परामर्श घेतला. परका साचा किती चालतो व कोठे मोडतो हे पाहावयाचे असल्यास 'आईने मुलीला मारले' एवढे वाक्य पुरे आहे. तेथे क्रियापद आईकडेही पाहत नाही, मुलीकडेही पाहत नाही. मरे यांचा पहिला नियम भावे प्रयोगाच्या दारातच अडतो. परंतु नियम अडतो कोठे हे कळण्यास आधी नियम ठाऊक असावा लागतो.

वाक्याचे उद्देश्य व विधेय असे दोनच भाग पाडून प्रत्येकाचा विस्तार दाखविण्याची जी पद्धत आपण वाक्यपृथक्करण म्हणून शिकलो, ती शाळांत रूढ झाली मरे यांच्या पश्चात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. १८७७ साली अमेरिकेतील रीड व केलॉग या शिक्षकद्वयाने तर आडवी रेघ ओढून, तीस छेदणाऱ्या उभ्या रेघेच्या एका बाजूस उद्देश्य व दुसऱ्या बाजूस विधेय लिहिण्याची आकृतीच रूढ केली. मरे यांचे पुस्तक तोपर्यंत मागे पडत चालले होते. असे होणे स्वाभाविकच आहे. चांगल्या शिक्षकाची पुस्तके जुनी होतात, कारण त्याचे विद्यार्थी पुढे जातात.

मरे यांचा अखेरचा काळ शांत होता. त्यांच्या बागेची त्या भागात मोठी ख्याती होती. तीत हिंडणे त्यांच्या नशिबी नव्हते, तरी खिडकीतून ते ती पाहत. त्यांच्या बागेतील लहानसे उन्हाळी घर पुढे यॉर्क येथील माउंट स्कूल या मुलींच्या शाळेच्या आवारात नेण्यात आले. मुलींच्या शाळेपासून सुरू झालेल्या कार्याचे स्मारक मुलींच्याच शाळेत असावे, हे आम्हांस फार उचित वाटते. १६ फेब्रुवारी १८२६ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, होल्गेट येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी पत्ररूपाने लिहिलेले आत्मवृत्त त्यांच्या स्नेही एलिझाबेथ फ्रँक यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले. मृत्युपत्रात मरे यांनी अशी व्यवस्था केली होती की आपल्या मागे व पत्नीच्याही मागे जे द्रव्य उरेल ते अमेरिकेत सत्कार्यास लागावे; त्यात गुलामगिरीतील कृष्णवर्णीयांची मुक्तता आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण यांचा समावेश होता. हॅनाबाई १८३४ साली वारल्या.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? मरे यांची श्रीमंती सर्वांस लाभणार नाही, आणि त्यांचा आजार कोणास न लाभो. परंतु तीन गोष्टी आपल्या प्रत्येक घरात होण्यासारख्या आहेत. पहिली अशी की मुलाचा ओढा विद्येकडे दिसला तर त्यास आपल्या धंद्याच्या वहीशी बळेच बांधू नये. दुसरी अशी की आपणास येत नाही ते येत नाही म्हणून सांगण्यास शिक्षकाने किंवा आईबापाने लाजू नये. यॉर्कच्या त्या शिक्षिका लाजल्या असत्या तर ते पुस्तक झाले नसते. तिसरी अशी की ज्यांचे हातपाय थकले, ज्यांची नोकरी संपली, ज्यांचे बाहेर जाणे बंद झाले, त्यांनी आपले आयुष्य संपले असे समजू नये.

आपल्या मंडळात आमच्यासारखे निवृत्त शिक्षक अनेक आहेत. संध्याकाळी ओटीवर किंवा गच्चीवर, इमारतीतील चार मुले गोळा करावीत. पुस्तकातील एक इंग्रजी वाक्य घ्यावे. क्रियापद कोणते, ते कोणाचे, आणि त्याच्याविषयी सांगितले काय, एवढेच विचारावे. रोज पाच वाक्ये पुरेत. मूल चुकले तर ओरडू नये. ते कोणत्या नियमाने चुकले हे आधी पाहावे, कारण कदाचित तो नियम आपणच त्यास चुकीचा शिकविलेला असेल. पुढील वर्षीच्या गुणगौरव समारंभात इंग्रजीच्या रकान्याकडे पाहताना आम्हांस मान खाली घालावी लागली नाही, तर मरे यांचे हे चरित्र लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.